कोकण किनाऱ्यावर तरुणांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास : पहिल्यांदाच गावात उतरणाऱ्यांसाठी

प्रबंधाचा विषय ठरला की बरेच विद्यार्थी छापील प्रश्नावली घेऊन येतात आणि विचारतात, "ही कुठं भरून मिळेल?" भरून मिळते. कोकणात दारात आलेल्याला ओटीवर बसवतात, पाणी देतात आणि त्यानं विचारलेल्याचं उत्तरही देतात. पण समजा, बावीस वर्षांच्या एका मुलानं सांगितलं की गेले दोन आठवडे जवळजवळ रोज मेलेलं बरं असं वाटतं. तुम्ही कागदावर 'जवळजवळ रोज' यासाठीच्या तीनच्या आकड्याभोवती गोल केला. साडेचारची एसटी चुकली तर पुढची थेट वस्तीची. आता काय?

या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे गावात शिरण्याआधी तयार नाही, त्यानं प्रश्नावली उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून इथल्या पायऱ्या नेहमीच्या पुस्तकी क्रमाच्या उलट लावल्या आहेत. तुम्ही एमएसडब्ल्यू, मानसशास्त्र, नर्सिंग, सामाजिक वैद्यकशास्त्र, मनोविकारशास्त्र यांपैकी कुठूनही आला असाल आणि रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात किंवा खाली गोव्यात असं काम पहिल्यांदाच करणार असाल, तर याच क्रमानं जा.

पहिली पायरी : मदतीची वाट आधी बांधा

एक कोरा कागद घ्या आणि ज्या वाडीत जाणार तिथून सुरुवात करा. जवळचं उपकेंद्र कुठलं, प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं, तिथले वैद्यकीय अधिकारी कोण, नैराश्याची औषधं तिथं मिळतात की ग्रामीण रुग्णालयात जावं लागतं, जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे सगळं लिहून काढा. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९९६ पासून त्याचा जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. या जिल्हा पथकाला प्रत्यक्ष जाऊन भेटा. तालुक्याच्या ठिकाणी त्यांची तपासणी कधी असते ते त्यांच्याच तोंडून ऐका, भिंतीवरच्या फलकावर विसंबू नका. राज्यात जी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत त्यांपैकी एक रत्नागिरीत आहे. तिथं पाठवायची वेळ क्वचित येते, पण बाह्यरुग्ण विभागाची वेळ ठाऊक असावी. डेरवणसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयातही मनोविकार विभाग आहे का, तुमच्या वाडीपासून ते किती लांब पडतं, हेही बघा.

मग प्रवासाचं भाडं. "जिल्हा रुग्णालयात जा" असं सांगून चिठ्ठी देणं सोपं आहे. दापोली किंवा मंडणगडच्या आतल्या वाडीतून रत्नागिरीला जायचं म्हणजे पूर्ण दिवस, एक दिवसाची मजुरी बुडणं, आणि सोबतीला घरातलं आणखी एक माणूस. अभ्यासाच्या अंदाजपत्रकात या भाड्याची रक्कम धरा. मार्गदर्शक म्हणाले की असा रकाना नसतो, तर घाला म्हणावं.

टेलिमानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, फुकट, चोवीस तास. हा क्रमांक माहितीपत्रकात छापण्याआधी त्या वाडीत उभं राहून स्वतः लावून बघा. खाडीच्या कडेच्या आणि सड्याखालच्या कितीतरी वाड्यांत रेंज फक्त एखाद्या वळणावर मिळते. ते वळण कुठलं हे माहीत करून घेणं हाही तयारीचाच भाग आहे.

आणि लेखी शिस्त. आत्महत्येचा विचार कुणी बोलून दाखवला तर मुलाखत तिथंच थांबवायची, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आधी कधी प्रयत्न केला होता का, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्यानं विचार बळावतो ही भीती निराधार आहे. त्याच्या संमतीनं घरातलं विश्वासाचं माणूस बोलवायचं आणि आधीच ठरवलेल्या डॉक्टरला फोन लावायचा. जीव लगेच धोक्यात दिसत असेल तर मात्र संमतीसाठी थांबायचं नाही. आंब्याच्या बागेच्या घरात फवारणीची औषधं पडवीत किंवा मांगरात (बागेतल्या खोपटात) उघड्यावर असतात. ती कुलपात ठेवायला किंवा शेजाऱ्याकडे न्यायला सांगणं ही लहान गोष्ट नाही, कारण कीटकनाशक हाताशी नसणं यानं जीव वाचतात, हे अनेक देशांत दिसलं आहे. घरचे बहुधा कुजबुजत विचारतात, "पोलीस केस होईल का हो?" मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलं नाही. हे दोन वाक्यांत, घाई न करता सांगता यायला हवं.

"इथं मनोविकारतज्ज्ञच नाहीत, मग पाठवायचं कुणाकडे?" असं म्हणून काही जण ही पायरी गाळतात. त्यांनी गोव्यातलं काम वाचावं. तिथं नैराश्य आणि चिंतेच्या आजारांसाठीच्या 'मानस' या चाचणीत २४ आरोग्य केंद्रं आणि दवाखान्यांतून २,७९६ रुग्ण सहभागी झाले होते. समुपदेशन करणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सरकारी केंद्रांत या पद्धतीचा फायदा स्पष्ट दिसला. पुढे गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार तपासला गेला, तोही अशाच कार्यकर्त्यांकडून, आणि तोही उपयोगी ठरला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर, आपल्यासारख्याच आरोग्य केंद्रांत हे होऊ शकतं. तुमच्या प्रबंधात उपचार नसला तरी जवळ कोण प्रशिक्षित आहे हे शोधणं तुमच्या हातात आहे.

दुसरी पायरी : एकच गट निवडा

तरुणच का, याचं कारण भक्कम आहे. १९२ अभ्यास आणि सात लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करणाऱ्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की मानसिक आजारांची सुरुवात सुमारे एक तृतीयांश लोकांत चौदाव्या वर्षाआधी आणि जवळपास ६२ टक्क्यांत पंचविसाव्या वर्षाआधी होते. म्हणजे आपण ज्याला 'वय आहे, होतं असं' म्हणून सोडून देतो, त्याच वयात लक्ष घालायचं असतं.

पण 'कोकणातले तरुण' असा गट नसतो. मिरकरवाड्याच्या जेटीवरचा खलाशी, देवगडच्या कलमांच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी मुलगा, रायगडातल्या कातकरीवाडीतली एकोणीस वर्षांची आई, आईवडील मुंबईला आणि आपण आजीकडे अशी कॉलेजात जाणारी मुलगी, स्वतःचं समलिंगी असणं घरात सांगू न शकणारा मुलगा, दरड कोसळलेल्या गावातून पुनर्वसनाच्या घरात आलेलं कुटुंब: यांची दुःखं एका प्रश्नावलीत बसत असली तरी एका अभ्यासात बसत नाहीत. एकच गट निवडा आणि का निवडला ते एका वाक्यात सांगता येतंय का बघा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत असुरक्षित कुणाला म्हणायचं याची चर्चा आहे. गरिबी, आदिवासी असणं, स्थलांतर, मानसिक आजार हे त्यात आहेच, पण ज्याला 'नाही' म्हणणं जड जातं असा प्रत्येक जण त्यात येतो, अगदी तुमच्या कॉलेजातला विद्यार्थीसुद्धा. प्राध्यापकांनी वर्गात अर्ज वाटले तर किती जण कोरा कागद परत करतील?

आणखी एक सावधगिरी. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजारांचं प्रमाण १०.६ टक्के आलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, गोवाही नव्हता. तो आकडा संदर्भ म्हणून द्या, 'रत्नागिरी जिल्ह्यात १०.६ टक्के' असं कधीही लिहू नका.

तिसरी पायरी : कॅलेंडर घेऊन बसा

या किनाऱ्यावर कोण कुठे सापडेल आणि कसा असेल हे ऋतू ठरवतो. बाहेरून येणारे संशोधक सर्वात जास्त इथंच फसतात. त्यांना परीक्षा संपल्यावर मोकळा मिळालेला महिना आणि गावाचा महिना यांचा मेळ बसत नाही.

मासेमारीपासून सुरू करू. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. खलाशी बंदरात मोकळे सापडतील म्हणून हे दोन महिने निवडावेसे वाटतात. पण नेपाळ, कर्नाटक, उत्तर प्रदेशातून आलेले खलाशी तेव्हा घरी गेलेले असतात, आणि जे स्थानिक उरतात त्यांच्या हातात मिळकत नसते, उचल घेतलेली असते, शाळेची फी तोंडावर असते. या काळातलं नैराश्याचं प्रमाण म्हणजे वर्षभराचं प्रमाण नव्हे. हंगामात उलट अडचण. ट्रॉलर गेला की काही दिवस परतत नाही, आणि परतल्यावर लिलाव, बर्फ, जाळ्यांची डागडुजी. तेव्हा मुलाखत मागणं म्हणजे माणसाची झोप मागणं. बंदरावर तीन नंबरचा बावटा (खराब हवामानाचा इशारा) लागला की नौका किनाऱ्याला येतात आणि खलाशांना खरी सवड मिळते, पण हे दिवस आधी ठरवून येत नाहीत. म्हणून बंदराजवळ राहणारा सहकारी हवा. जमलं तर तीच माणसं दोनदा भेटा, एकदा हंगामात, एकदा बंदीत. एकदाच भेटणार असाल तर कोणत्या महिन्यात भेटलात हे निष्कर्षाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.

आंब्याच्या बागांत पावसाळ्यानंतर नेपाळी कामगार येतात आणि आंबा उतरला की पावसाआधी परत जातात. मार्च ते मे या दिवसांत त्यांना आणि बागायतदाराला मान वर करायला वेळ नसतो. मोहोर धरायच्या सुमाराला गेलात तर बोलणं होतं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर गेलात तर म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. तुमचा नमुना तिथं वाडीवर नाही, भट्टीवर आहे.

गणपती आणि शिमग्याला घरं भरलेली असतात. घरयादी करायला हा काळ मोहात पाडतो, कारण प्रत्येक दार उघडं. पण त्यातले निम्मे चाकरमानी असतात. 'गेल्या सहा महिन्यांतले बहुतेक दिवस इथं राहणारा' अशी रहिवाशाची व्याख्या आधी ठरवा, मग यादी करा. गावाच्या मुंबई मंडळातल्या लोकांना मात्र याच दिवसांत भेटून घ्या. गावात कुणाला येऊ द्यायचं यावर त्यांचा शब्द चालतो.

मोहल्ल्यांत काम असेल तर रमजानचा महिना आणि त्यानंतरचे दोन आठवडे सोडा. नैराश्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक आणि थकवा विचारतात. सेहरीला उठणाऱ्या आणि दिवसभर रोजा ठेवणाऱ्या निरोगी माणसाचाही आकडा त्यामुळं वर जाईल.

आपत्तीनंतरचा काळ वेगळाच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं आणि महाडजवळ तळियेवर दरड कोसळली, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. अशा ठिकाणी पहिल्या काही आठवड्यांत रडणं, दचकून उठणं, पावसाचा आवाज आला की घाबरणं ही आजाराची खूण नव्हे. आघातोत्तर ताणाचं निदान लक्षणं महिनाभराहून जास्त टिकल्याशिवाय करतच नाहीत. त्या आठवड्यांत प्रश्नावली नको, पाणी आणि छप्पर हवं. पुढे वर्षं गेल्यावरही तिथं जाण्याआधी किती जण येऊन प्रश्न विचारून गेले आहेत ते बघा. तीच कहाणी चारचौघांना सांगून थकलेल्या माणसाकडे पाचव्यानं जाऊ नये.

चौथी पायरी : परवानगी वेगळी, संमती वेगळी

संशोधनाला संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी हवी. आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असलेली समिती हवी, तिचे अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, सदस्यांत कायद्याची जाणकार आणि सामान्य नागरिक अशी माणसंही असतात. तुमच्या महाविद्यालयात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करता येतो. या कामाला वेळ जातो, तो धरूनच बाकीचं ठरवा.

गावात सरपंच, वाडीप्रमुख, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, मोहल्ल्याची जमात, बागायतदार, नौकामालक यांना भेटावं लागतं. ते 'या' म्हणाले म्हणजे तुम्हाला गावात पाऊल ठेवायची परवानगी मिळाली. नेपाळी मुलाच्या वतीनं बागायतदार संमती देऊ शकत नाही, खलाशाच्या वतीनं तांडेल (नौकेचा म्होरक्या) किंवा मालक देऊ शकत नाही. मालकाला सगळं समजावून सांगा, पण मुलाखत त्याच्या नजरेआड घ्या आणि कोण 'नाही' म्हणालं ते मालकाला कळणार नाही अशी सोय करा. मी सुचवीन की 'नाही' म्हणणाऱ्याशीही तेवढाच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारा, म्हणजे बाहेरून फरक दिसत नाही.

नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळं मराठी पत्रक त्यांना वाचता येईल असा समज होतो. अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. पत्रक नेपाळीतच हवं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला साक्षीदारासमोर वाचून दाखवायला हवं.

अठराखालील मुलं घ्यायची असतील तर पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही लागतो. सात ते बारा वर्षांत तोंडी, बारा ते अठरा वर्षांत लेखी. इथं गुंता असा की मूल आजीजवळ आणि आईवडील विरारला किंवा दुबईला. शिवाय बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना देणं पोक्सो कायद्यानं (२०१२) प्रत्येकावर बंधनकारक आहे, संशोधकावरही. 'तुम्ही सांगाल ते गुप्त राहील' असं सरसकट वचन तुम्ही देऊच शकत नाही. कुठं गुप्तता संपते हे संमतीपत्रात आधी लिहा. पहिलाच अभ्यास असेल तर वयोगट १८ पूर्ण ते २५ ठेवा, असा माझा सल्ला आहे. आधीच निदान झालेल्या आणि उपचार घेणाऱ्या व्यक्ती घेणार असाल तर २०१७ च्या कायद्याचं कलम ९९ वाचा. ज्याला त्या वेळी संमती देता येत नाही, त्याच्यासाठी घरच्यांची सही पुरत नाही, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते.

मोबदला? बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी. पण इतकी नको की गरजेपोटी माणूस हो म्हणेल.

पाचवी पायरी : प्रश्न तोंडात बसले पाहिजेत

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या प्रश्नावल्या फुकट वापरता येतात आणि त्यांची मराठी रूपंही आहेत. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. जीएडी-७ ची बेरीज २१. दोन्हींत १० ही रूढ सीमारेषा, म्हणजे बेरीज तेवढी किंवा जास्त आली तर पुढं तपासायचं. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची यादी आहे, तिथं ८ ची रेषा धरतात. खलाशांबरोबर काम असेल तर ती घ्याच.

मराठी रूप मिळालं म्हणजे काम झालं नाही. ते पुस्तकी मराठीत आहे आणि तुम्ही मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी बोलणाऱ्या घरांत जाणार आहात. दहाबारा तरुणांना एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि 'तुला यातून काय कळलं, तुझ्या शब्दांत सांग' असं विचारा. 'कशात मन रमत नाही', 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात नुसते विचार', 'टेन्शन येतं' असे शब्द ऐकू येतील. ते टिपून ठेवा. प्रश्नाचे मूळ शब्द मनानं बदलू नका, पण समजावताना सर्व मुलाखतकारांनी एकच ठरलेलं स्पष्टीकरण वापरावं. रात्री जाळी टाकणाऱ्याला झोपेचा प्रश्न विचारताना 'कामामुळं झोप मोडते का' हे वेगळ्या रकान्यात नोंदवा, नाहीतर धंद्याचं जागरण आजारात जमा होईल.

उपचारासाठी आधी कुठं गेलात, हा प्रश्न जरूर ठेवा, आणि उत्तर ऐकताना चेहरा सरळ ठेवा. 'देवाकडे विचारलं', 'कौल लावला', 'भगतानं बाहेरचं आहे सांगितलं', आणि मग 'सिव्हिलला पण दाखवलं' हे सगळं एकाच घरात एकाच महिन्यात घडलेलं असतं. या क्रमाचा अभ्यास हाच एक उत्तम प्रबंध होऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं गणित. अशी प्रश्नावली म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. २००१ च्या मूळ अभ्यासात, अमेरिकेतल्या दवाखान्यांत, १० ची रेषा धरून पीएचक्यू-९ ने आजारी माणसांपैकी ८८ टक्के ओळखले आणि निरोगींपैकी ८८ टक्के बरोबर सोडले. छान वाटतं. आता तीच चाळणी वाडीत वापरा. एक हजार तरुण, त्यांतले खरोखर नैराश्याचे आजारी समजा ५ टक्के, म्हणजे ५०. त्यातले ४४ सापडतील. उरलेल्या ९५० निरोगींपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण चुकून अडकतील. एकूण १५८ जणांवर शिक्का, त्यांत खरे आजारी ४४. चारातले जवळजवळ तीन आजारी नाहीत! आणि प्रबंधात, मग स्थानिक वर्तमानपत्रात, 'सोळा टक्के तरुण नैराश्यग्रस्त' असं छापून येतं.

त्यामुळं दोन गोष्टी करा. 'नैराश्याचं प्रमाण' न लिहिता 'चाळणीत लक्षणं आढळलेल्यांचं प्रमाण' लिहा. आणि शक्य असेल तर रेषेच्या वर आलेल्या सगळ्यांची व खाली राहिलेल्यांतल्या काहींची तज्ज्ञाकडून मुलाखत करून घ्या, ज्याला ठाऊक नाही की कुणाचा आकडा किती आला. गोव्यातल्या त्या ४९५ जणांच्या उपचार-चाचणीत रेषा १० ची नव्हती, १४ च्या वरचेच घेतले होते. रेषा कुठं मारायची हे कशासाठी मारायची यावर अवलंबून असतं.

सहावी पायरी : किती जण

वैद्यकीय महाविद्यालयात सगळे पाठ करतात ते सूत्र: चार गुणिले अपेक्षित टक्केवारी गुणिले शंभरातून ती वजा, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. अपेक्षित १० टक्के, चूक ३ टक्के धरली तर ४ × १० × ९० ÷ ९ = ४००. पण तुम्ही वाड्या निवडून त्यातली घरं घेणार, आणि एका वाडीतली माणसं एकमेकांसारखी असतात. त्यासाठी दीडपट करा, ६००. दहा टक्के जण नाही म्हणतील, म्हणून सुमारे ६६७. एकट्यानं एवढं होत नसेल तर टक्केवारीचा नाद सोडा आणि मोजक्याच जणांशी खोल मुलाखती करा. समलिंगी तरुणांसारख्या लपून राहणाऱ्या गटापर्यंत तुम्ही ओळखीच्या साखळीनं पोहोचता, तिथून टक्केवारी काढायचीच नसते.

सातवी पायरी : मुलाखतीची जागा आणि मुलाखत घेणारा

ओटीवर मुलाखत नको. शेजारीण येते, आजी उत्तर देते, धाकटा भाऊ ऐकतो. शाळेचा रिकामा वर्ग, समाजमंदिर, उपकेंद्राची मागची खोली बघा. मुलीची मुलाखत घेणारी मुलगीच असावी. मुलाखतकार त्याच बोलीचा, पण त्या वाडीचा नसावा. गावात सगळे भावकीत असतात आणि माहिती सोयरिकीपर्यंत पोहोचते. आशाताईंशिवाय तुम्हाला कुणी दार उघडणार नाही, त्यांचा मान ठेवा, त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि ओळख करून दिल्यावर त्यांना प्रेमानं निरोप द्या. त्यांच्यासमोर कुणी नवऱ्याच्या दारूबद्दल बोलणार नाही.

उत्तरं मोबाइलवर भरून घेणारी, इंटरनेटशिवाय चालणारी मोफत साधनं आहेत. कोबो हे त्यातलं एक. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा. तरी लक्षात ठेवा, लहान गावात नाव लपवून माणूस लपत नाही. 'हर्णैमधली तेवीस वर्षांची विधवा, एक मूल' एवढ्यावरून अर्धं बंदर ओळखेल. लिहिताना गावाचं नाव गाळा, वय पाच वर्षांच्या टप्प्यात द्या, आणि ज्या तपशिलाची गरज नाही तो काढून टाका.

रोज संध्याकाळी सगळ्या मुलाखतकारांनी एकत्र बसावं. ज्यानं दिवसभर मरणाच्या गोष्टी ऐकल्या त्याला दुसऱ्या दिवशी घरयादीचं काम द्या. कार्यकर्तेही बावीस-तेवीस वर्षांचेच असतात, त्याच गावांतून आलेले असतात आणि त्यांच्याही घरात हेच चाललेलं असतं. त्यांच्यासाठी समुपदेशकाची वेळ आधीच राखून ठेवा.

आठवी पायरी : परत जा

मुलाखतींनंतर एका महिन्यानं, ज्यांना चिठ्ठी दिली त्यांच्याकडे, त्यांनी तशी मुभा दिली असेल तर, परत जा. पोहोचलात का, औषध मिळालं का, पुढची तारीख कुणी सांगितली का, एवढंच विचारा. बरेच जण पोहोचलेले नसतात. कारणं लिहून घ्या: तज्ज्ञ त्या दिवशी रजेवर, भाडं नव्हतं, सासूबाई नको म्हणाल्या. प्रबंधातलं हे प्रकरण सर्वात उपयोगी ठरू शकतं, कारण ते वाचून वैद्यकीय अधिकारी काहीतरी बदलू शकतात. त्यांना शंभर पानी प्रबंध न देता एक पान द्या: किती जणांना चाळणीत लक्षणं होती, किती जण पोहोचले, कुठं अडले, कोणतं औषध संपलेलं होतं.

गावालाही सांगायचं असतं. खलाशांना जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, नौका पाण्यात उतरायच्या आत. कातकरीवाडीत लोक भट्टीवर जाण्याआधी, दिवाळीच्या अलीकडे. आकडे कमी, काय करता येईल ते जास्त, आणि कुणाचीही गोष्ट ओळखू येईल अशी नको. सभेनंतर कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, 'माझ्या भावाला असं होतं, कुणाला दाखवू?' त्यासाठी पहिल्या पायरीवरचा कागद खिशात असू द्या, वार आणि फोन नंबर ताजे करून.

नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी हा पाठपुरावा संपेपर्यंत कुलपात ठेवा, नंतर समितीनं मंजूर केलेल्या मुदतीत ती नष्ट करून तसं समितीला लेखी कळवा.